तिसऱ्या मजल्यावरचा समुद्र

९ जानेवारी १९८३, रविवार, सकाळी ७.४०
निर्णय झाला. घरात समुद्र आणायचा.
गोड्या पाण्यातले मासे कोणीही पाळतो. खालच्या मजल्यावरचे कमळाकर पाळतातच. चार गोल्डफिश आणि एक प्लॅस्टिकचा पाणबुड्या. खाऱ्या पाण्याची टाकी मात्र माझ्या माहितीप्रमाणे अख्ख्या वाशीत कोणाकडे नाही. लायब्ररीतल्या इंग्रजी पुस्तकात लिहिलंय की नवशिक्यांनी या फंदात पडू नये. मी त्या पुस्तकाची पन्नास पानं वाचलीत, तेव्हा तो प्रश्न उरत नाही.
वैजयंतीला सांगितलं. तिने विचारलं, टाकी ठेवणार कुठे? म्हटलं, तुझ्या शिवणयंत्राच्या जागी. तिने यंत्राचं झाकण जरा जोरात लावलं. आनंद झाला असावा.

१२ जानेवारी
टाकी आली. दोन फूट बाय एक फूट. लोखंडी अँगलची फ्रेम, पुट्टीने बसवलेल्या काचा. रबाळ्याहून बसमधून मांडीवर आणली. पाय अजून बधिर.
जिन्यात कमळाकर भेटले. म्हणाले, खारं पाणी लोखंड खातं हो. हेवा इतक्या जवळून प्रथमच पाहिला. तरी फ्रेमला चंदेरी रंगाचा एक हात दिला.

१६ जानेवारी, रविवार
उरणला जाऊन दोन कॅन समुद्र आणला. येताना एसटीत कंडक्टरने विचारलं, रॉकेल का? म्हटलं, समुद्र. त्याने गाडी थांबवली. शेवटी सगळ्या गाडीसमोर झाकणभर पिऊन दाखवला. त्याने दोन्ही कॅनचं लगेज तिकीट फाडलं. एका म्हातारीने मला लिमलेटची गोळी दिली. विज्ञानाला जनतेचा पाठिंबा आहे.
टाकी अर्धीच भरली. उरलेली नळाचं पाणी आणि जाडं मीठ घालून भरली. प्रमाण जिभेने ठरवलं.

१८ जानेवारी
वाशीगावचा हिरामण सायकलवर मासळी विकतो. त्याच्याकडून खाडीतले दोन जिवंत मासे घेतले. त्याने विचारलं, खायाला नाय तं कशाला, सायब? म्हटलं, बघायला. त्याने आधी पैसे मोजून घेतले.

१९ जानेवारी, सकाळी ६.३०
मासे उलटे पोहतायत. समुद्री माशांची विश्रांतीची पद्धत असावी.

त्याच दिवशी, ६.५०
वैजयंतीचं मत वेगळं पडलं. तिचंच बरोबर निघालं. माशांना प्रवासाची सवय नव्हती.

२३ जानेवारी
वैशालीने शाळेत सांगितलंय की आमच्या बाबांनी घरात समुद्र आणला. चौथीतली मुलगी, पण वडिलांची किंमत कळते. आता तिच्या सुचित्राबाई पाच तारखेला अख्खा वर्ग घेऊन येणार. एकोणतीस मुलं.
वैशालीने विचारलं, तोपर्यंत मासे येतील ना? दोनदा विचारलं. म्हटलं, बाबांवर विश्वास ठेव. ती म्हणाली, ठेवलाय, म्हणूनच विचारते.

२६ जानेवारी
ऑफिसला सुट्टी. टाकीतलं पाणी उडून दोन बोटं खाली गेलंय. मिठाचं पाणी घालून भरपाई केली. वैशालीने विचारलं, बाबा, मीठपण उडतं का? मुलांचे प्रश्न गोड असतात.

२९ जानेवारी
यश. हिरामणने पाच निवट्या दिल्या. बोटभर मासे, चिखलाच्या रंगाचे, डोळे थेट डोक्यावर. कोणताही समुद्र चालेल असे दणकट. तो म्हणाला, “सायब, निवटी चिखलान रवते. पानी जास्त झालं तं वर चढते.” पुस्तकाच्या पहिल्या पन्नास पानांत चिखलाचा उल्लेख नाही. सोडून दिलं.

३१ जानेवारी
एक निवटी पाण्याबाहेर येऊन फ्रेमवर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. ओळखते.

१ फेब्रुवारी
पाचपैकी चारच. पाचवी मोरीत सापडली, बालदीच्या मागे, मजेत. वैजयंतीने तिला पळीने उचलून टाकीत सोडलं आणि पळी घासायला टाकली. टाकीवर आता पोळपाट झाकलाय. पोळ्या ताटावर लाटल्या जातायत.

३ फेब्रुवारी
फ्रेमवर तांबडे पापुद्रे. एका कोपऱ्यातून थेंब गळतात, मिनिटाला सहा. मेणबत्तीचं मेण लावलं. आता मिनिटाला चार. सुधारणा आहे.
कमळाकर वर येऊन म्हणाले, आमच्या छताला ओल आलीय. सभ्यपणे म्हणाले, हे त्यांचं कपट.
वैजयंती म्हणाली, बाईंना सांगून टाका, पुढच्या महिन्यात या. म्हटलं, वैशालीला काय तोंड दाखवू? शनिवारपर्यंत मेण टिकेल. हिशेब केलाय.

५ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी १.१०
सगळं लिहून काढतो, म्हणजे बरं वाटेल.
साडेनऊला मुलं आली. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मी पोळपाट काढला आणि ‘सागर आणि मानव’ या विषयावर बोलायला उभा राहिलो. तिसऱ्या वाक्याला कोपऱ्यातली काच सरकली.
समुद्र सतरंजीवरून गॅलरीकडे निघाला. निवट्या उड्या मारत खोलीभर. मुलं पलंगावर चढून खिदळतायत, सुचित्राबाई खुर्चीवर उभ्या. मी दोन्ही हातांनी काच धरून भाषण चालू ठेवलं. वैशाली रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत होती. रडली असती तर बरं झालं असतं.
तेवढ्यात दारात हिरामण. हातात ओल्या चिखलाची बादली. वैजयंतीने त्याला परवाच सांगून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. तिने परात पुढे केली, त्याने चिखल पसरला आणि पाचही निवट्या अलगद हाताने धरून त्यावर सोडल्या. मग उकिडवा बसून मुलांना सांगू लागला. ओहोटीला ही चिखलावर चालते. बीळ खणते. अंग ओलं असलं का बाहेरपन दम घेते. मुलं परातीभोवती चिखलात गुडघे टेकून बसली. हिरामणला प्रश्नांवर प्रश्न. बाईंनी वहीत टिपून घेतलं. वैशाली त्याच्या अगदी शेजारी, आणि हसत होती.
मग सगळा वर्ग निवट्या सोडायला खाडीवर गेला. वैजयंतीपण गेली. मी गेलो नाही. फरशी होती.

९ फेब्रुवारी
वैशालीला निबंधात वर्गात पहिला नंबर. दीड पान. हिरामणकाकांना निवटीचं सगळं माहीत आहे. हिरामणकाका कधीच रागावत नाहीत. आईने परात दिली. मोठी झाल्यावर मी हिरामणकाकांसारखी होणार.
माझ्यावरही एक पूर्ण वाक्य आहे. ‘बाबांनी फरशी खूप छान पूसली.’ बाईंनी त्याच्याखाली लाल रेघ मारलीय. समाधान वाटलं. कामाची दखल घेतली जाते.
मग चष्मा लावून पाहिलं. ‘पूसली’मधला ऊ ऱ्हस्व करून दिलाय, एवढंच.