गोऱ्याचा ओटा

एडिसन, न्यू जर्सी
१० सप्टेंबर २०२५

ती. दादांना धाकट्याचा नमस्कार.

देवाच्या दयेने इकडे ठीक आहे. पद्मजाचा गुडघा आता कमी दुखतो. अनया कामानिमित्त बाहेर आहे. पितृपक्ष लागला, म्हणून काल आयसेलिनच्या दुकानातून अळू आणि लाल भोपळा आणला.

फोन सोडून कागदावर लिहितोय आणि त्याचा फोटो पाठवतोय, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण फोनवर तुम्ही स्पीकर लावता, आणि आई शेजारीच बसलेली असते.

परवा तुम्ही म्हणालात की नदीकाठच्या तुकड्यात शेततळं घ्यायचंय, अमावास्या झाली की जेसीबी येईल आणि गोऱ्याचा ओटाही त्यात जाईल. मी नुसतं "बरं" म्हणालो. दादा, तो ओटा राहू द्या. तळं थोडं अलीकडे घेता आलं तर बघा.

आमच्या शेजारी मॅक्रे नावाचे म्हातारे गृहस्थ राहतात. मूळचे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे. एकटेच असतात, म्हणून पद्मजा अधूनमधून त्यांना वरणभात पाठवते. गेल्या आठवड्यात मी डबा द्यायला गेलो, तर कपाटावर पितळेचा छोटा हत्ती दिसला. सवयीने हात जोडले गेले.

म्हातारा खो खो हसला. "अरे, तो तुझा देव नाही! आजोबांच्या टोपीवरचा बिल्ला आहे. खाली काय लिहिलंय ते वाच."

खाली लिहिलं होतं, असई. आपल्या शेतातून नदीपलीकडे दिसते तीच.

मी म्हटलं, "काका, मी तिथलाच. बैल धुवायला रोज त्याच नदीवर जायचो." तर त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. त्यांच्या आजोबांची पलटण स्कॉटलंडची, पायदळाची. १८०३ साली ती असईला आपल्या मराठी फौजेशी लढली. त्या पराक्रमाचा मान म्हणून बिल्ल्यावर हत्ती आला. मला वाटलं, आता आपण दोघे एकमेकांकडे कसं बघायचं? तेच म्हणाले, "तुमच्या तोफांनी आमचे फार मारले रे." आणि पद्मजाचा वरणभात चमच्याने खाऊ लागले.

खाता खाता त्यांनी एक रीत सांगितली. त्या दिवशी त्या पलटणीचे सगळे अधिकारी पडले किंवा जखमी झाले. धड उरला तो एकच, क्वार्टरमास्टर, म्हणजे शिधासामान सांभाळणारा. त्याचं काम पिठाच्या पोत्यांशी. पण माणसं पडताना पाहून तोही रांगेत जाऊन उभा राहिला. म्हणून पुढे असईबद्दल मिळालेलं मानाचं निशाण मिरवायचा मान क्वार्टरमास्टरकडेच आला. म्हातारा हे अभिमानाने सांगत होता. मला मात्र अनया आठवली.

दादा, अनया बाहेरगावी नाही. वर्षापूर्वी ती इथल्या सैन्यात भरती झाली, आणि आषाढापासून इराककडे आहे. जाताना म्हणाली, "बाबा, रिलॅक्स. मी सप्लायमध्ये आहे, फ्रंटवर नाही. ब्लँकेट्स आणि पाण्याच्या बाटल्या मोजणार." त्या एका वाक्यावर मी आजवर रात्री काढल्या. आता देवापुढे बसलो की डोळ्यांपुढे तो पोत्यांपाशी उभा असलेला माणूस येतो.

मॅक्रेकाकांचे आजोबाही तिकडे इराकातच पडले, पहिल्या महायुद्धात, बसऱ्याच्या वरच्या अंगाला. कबर नाही. नुसतं भिंतीवर नाव आहे. मी त्यांना आपल्या ओट्याचं सांगितलं, की त्या लढाईत पडलेला कुणी गोरा खाली पुरलाय म्हणतात, आणि आई दर सर्वपित्रीला तिथे पान वाढून ठेवते, तांब्याभर पाणी ठेवते. त्यांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "ती कुणाला देते, तिला माहीत आहे?"

माहीत कुणाला आहे? खाली गोरा असेल, आपला शिपाई असेल, नाहीतर नुसती माती. लहानपणी तुम्ही आईला चिडवलं होतंत, "गोऱ्याला पुरणपोळी कशाला गं? त्याला पचायची नाही." आई म्हणाली होती, "कुनाच्या तरी पोटचं हाय ते. गप बस."

अनयाला उदंड आयुष्य असो. हे पान तिच्यासाठी नाही. पण त्या रखरखाटात ती कुणाच्या तरी दारापुढून जात असेल. त्या घरात आईसारखी एखादी बाई असावी, जी परक्याच्या लेकराला तहान लागते एवढं जाणते. आपणच ओटा मोडला, तर मी देवाकडे हे मागू कुठल्या तोंडाने?

अनयाचं आईला तुम्ही सांगू नका. अमावास्येला ती पान ठेवून ओट्यापाशी टेकली, की मला फोन लावा आणि स्पीकर बंद करून तिच्या कानाला द्या. मी जागा असेन. मीच सांगतो.

शोभना वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा, आणि आता एका शिपायाचा बाप,
नरेंद्र