अंगठी बसेपर्यंत

४ जानेवारी
निदान झाले: आमवात. सांध्यांना सूज, म्हणून सकाळी बोटे आखडतात. उजवा हात थरथरतो, तोही अर्थात त्यामुळेच. मन निर्धास्त. लग्नातली अंगठी पुन्हा उजव्या हाताच्या बोटात बसेल त्या दिवशी आजार संपला, असा निकष ठरवला. निकष पडताळता येण्याजोगा असावा.

१९ जानेवारी
डॉक्टरांनी केबिनमध्ये चालायला लावले. म्हणाले, चालताना तुमचा उजवा हात हलत नाही. मी म्हटले, हात आवरून चालणे ही शिस्त आहे. तरीही म्हणाले, एकदा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. कशासाठी? मामांना कंपवात होता. शेवटी मामी त्यांना चमच्याने भरवत. परंतु मामांना आमवात नव्हता. आम्ही हिशेबनीस एकच खर्च दोन खात्यांत टाकत नाही. घरी सांगितले, प्रगती उत्तम.

२ फेब्रुवारी
ऑफिसचा चेक बँकेने परत पाठवला. सही नमुन्याशी जुळत नाही, फार बारीक. मुलगी म्हणाली, बाबा, मुंगीकडून करून घेतलीत का? सगळे हसले. मीही. बायको म्हणाली, अहो, चेष्टा केली तिने, चेहरा का पाडलात?
मी हसत होतो.

९ फेब्रुवारी
संकल्प: रोज एक पान मोठ्या अक्षरात. पहिली ओळ उत्कृष्ट. शेवटची मलाच वाचता आली नाही. पेन बदलावे.

२१ फेब्रुवारी
सूज झपाट्याने उतरते आहे. घरात आनंद. थरथर आहे तेवढीच. थोडी सूज शिल्लक असावी, म्हणून बोटे दाबून पाहिली. दुखले नाही. आजची गोळी घ्यायची राहिली. मुद्दाम नव्हे.

५ मार्च, सकाळी
अंगठी बसली. बायकोने स्वतः घातली. निकषानुसार मी बरा झालो.
चहाच्या वेळी काचेच्या टेबलावर हात टेकवून स्वस्थ बसलो होतो. दारावर टकटक ऐकू आली. मुलीला म्हटले, बघ कोण आहे. ती म्हणाली, कोणी नाही, बाबा. टकटक चालूच. आवाज चढवून म्हटले, नीट बघ!
बायकोने माझ्या हातावर हात ठेवला. टकटक थांबली.
मुलगी दारातच उभी राहिली. बायको म्हणाली, अहो, डॉक्टरांना मी फोन केला होता. त्यांनी सांगितलंय सगळं. उद्या त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचंय.
बरे, म्हटले. अंगठी काढून ठेवू का, असे विचारले.
म्हणाली, राहू द्या. इतक्या दिवसांनी बसलीय.