सोळा अध्याय आणि एक ओळ

२ जून, सोमवार. सकाळी १०

कृपा आणि शांती असो. कोणाला, ते लिहिण्याची गरज नाही. ही वही माझ्याखेरीज कोणी वाचणार नाही. तरी कृपेचे नाव घेतल्यावाचून लेखणी उचलायची मला सवय नाही.

विषय असा. मंडळीच्या वर्धापनदिनासाठी पाळकसाहेबांनी माझ्याकडे एक पुस्तिका मागितली आहे. नव्या करारातील पत्रे आणि शुभवर्तमाने प्रत्यक्षात कोणी लिहिली, कोणाच्या नावाने, कोणाच्या हातून. 'चौसष्ट पानं, बाबा, आणि आम्हाला समजेल असं,' म्हणाले. दुसरी अट का घातली ते कळले नाही.

अडचण एकच. हात कापतो. म्हणून मी सांगणार आणि धाकटी बहीण लिहून घेणार. तिचे यजमान गेल्यापासून नऊ वर्षे ती माझ्याकडे आहे. त्याआधी बत्तीस वर्षे कोर्टात स्टेनो. न्यायाधीशांचा एक शब्द खाली पडू दिला नाही. प्रेषित पौलही सांगत असे, लिहीत दुसरे. शेवटच्या चार ओळी मात्र स्वहस्ते, मोठमोठ्या अक्षरांत. ही वही म्हणजे माझी ती मोठी अक्षरे. पानावर नऊ ओळी मावतात.

संकल्प: रोज दुपारी तीन ते पाच. रोज दोन पाने. जूनअखेर समाप्ती.

वही बायबलच्या शब्दसूचीच्या जाड खंडामागे ठेवणार. तिथे कोणाचा हात जात नाही. तरी तिथे धूळ कशी नसते, हे एक नवल.

३ जून, मंगळवार

प्रारंभ उत्तम. मी येरझारा घालत सांगितले, ती खिडकीपाशी लिहीत बसली. पहिले वाक्य सिद्ध व्हायला चाळीस मिनिटे लागली. मध्येच तिने विचारले, हे वाक्य आज संपणार आहे का, कारण गॅसवर दूध ठेवले आहे.

दूध उतू गेले. वाक्य उद्या पूर्ण करू.

६ जून, शुक्रवार

तिने टाइप करून दिलेली पाने वाचली. माझे पहिले वाक्य मी सांगितले त्याहून बरेच आखूड दिसते. एकाची चार झाली आहेत आणि चारही कळतात. माझी वाणी कागदावर उतरताना उजळते, हे विद्यार्थी म्हणत ते खरेच. (विद्यार्थी नेमके कोण, ते आठवत नाही.)

११ जून, बुधवार. दुपारी ४

शुभवर्तमानांवर मुळात कर्त्यांची नावे नव्हती, ती पुढे जोडली गेली, असे बरेच अभ्यासक मानतात. हा भाग सांगत होतो. बहीण दमली, म्हणून लवकर थांबलो.

१२ जून, गुरुवार

आज दुसऱ्याच्या नावाने लिहिणाऱ्यांचे प्रकरण. माझा आवडता विषय. येथे मी कोणाची गय करीत नाही.

फार जुन्या काळी आशिया प्रांतात एक वडील होते. वडील म्हणजे माझ्यासारखेच मंडळीचे पद भूषविणारे. त्यांनी प्रेषिताच्या नावावर सबंध कथा रचली. पकडले गेले. 'प्रेषितावरच्या प्रेमापोटी केलं' असे म्हणाले. पद गेले. मी खणखणीत आवाजात सांगितले की प्रेम हे खोटेपणाचे पांघरूण होऊ शकत नाही, आणि मंडळीने केले ते योग्यच केले.

बहिणीने पेन्सिलीला टोक करता करता विचारले, "दादा, आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या नावावर घातलं, त्याचं पद गेलं. दुसऱ्याचं लिहिलेलं आपल्या नावावर घेतो, त्याला काय शिक्षा?"

तो प्रश्न आपल्या विषयाच्या कक्षेत येत नाही, असे मी सांगितले. चहा घेतला. थोडा गारच होता.

१९ जून, गुरुवार

एक गूढ.

टाइप केलेल्या पानांत तर्तियुसावर एक परिच्छेद सापडला. रोमकरांस लिहिलेले थोरले पत्र ज्याने पौलाच्या तोंडून उतरून घेतले, तो हा लेखनिक. सोळा अध्याय लिहून झाल्यावर त्याने स्वतःसाठी एवढीच जागा घेतली: हे पत्र लिहिणारा मी, माझाही सलाम. परिच्छेदात पुढे असे आहे: 'त्याच्या मधल्या बोटावरची शाई दोन दिवस गेली नसेल. सांगणारा थांबला की त्याने मान वर केली असेल. सांगणाऱ्याचा श्वास कुठे अडतो, हे लिहिणाऱ्याइतके कोणालाच ठाऊक नसते.'

मी तीनदा वाचले. हे मी कधी सांगितले? आठवत नाही. आत्मा ज्याला प्रेरणा देतो, त्याला शब्द आठवत नाहीत, असे प्राचीन काळापासून घडत आले आहे. याचे हे ताजे उदाहरण.

बहिणीला विचारावे असे मनात आले. ती कपडे वाळत घालत होती. विचारले नाही.

२७ जून, शुक्रवार

या आठवड्यात सोमवारी डोळ्यांचा दवाखाना, मंगळवारी पाहुणे, बुधवारी औषधाच्या थेंबांमुळे अंधुक दिसत होते, गुरुवारी चिंतन. (चिंतन आरामखुर्चीत; उठलो तेव्हा सहा वाजले होते.) तरी आज टेबलावर पाचवे आणि सहावे प्रकरण तयार. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा कर्ता आजवर कोणालाच निश्चित सांगता आलेला नाही, ही गोष्ट इतक्या सोप्या भाषेत मी इतरत्र वाचलेली नाही.

काम आपोआप पुढे सरकते आहे. कृपा.

'आपोआप' हा शब्द लिहिताना दोनदा खिडकी लावायला उठलो. हवेतला गारवा असावा.

२ जुलै, बुधवार

जूनअखेरचा संकल्प पाळला गेला. दोन दिवस उशीर, पण तो प्रस्तावनेमुळे. प्रस्तावना मी एकट्याने केली, पूर्णपणे. पाऊण पान. बहिणीने वाचली आणि कोऱ्या चेहऱ्याने गठ्ठ्याला लावली. न्यायाधीशांसमोरही ती अशीच बसत असेल.

९ जुलै, बुधवार. दुपारी

छापखान्यातून प्रूफ आले. मुखपृष्ठावर माझे नाव. शेवटच्या पानावर माझा फोटो, बारा वर्षांपूर्वीचा, केस होते तेव्हाचा. खाली परिचय: मूळ ग्रीकचे व्यासंगी, एकवीस वर्षे मंडळीचे वडील.

बहिणीचे नाव कुठेच नाही. जबाबदारी अर्थात माझीच. मजकूर मीच पाठवला होता. छापखानेवाल्यांकडे स्वतः गेलो. यंत्राच्या खडखडाटात ओरडून सांगितले की एक ओळ घालायची आहे. ते ओरडून म्हणाले, कागद सोळा-सोळा पानांचा दुमडतो, चौसष्ट भरली, आता मुंगी शिरायला जागा नाही. कुठलं तरी पान काढा, मग घालतो.

काढण्याजोगे पान मला एकही दिसले नाही.

जिना उतरताना मात्र हलके वाटले. आणि हलके वाटले, याचेच पुढे सबंध वाटभर ओझे झाले.

१० जुलै, गुरुवार. पहाट

काढण्याजोगे पान होते. फोटोचे.

छापखाना नऊला उघडतो.

१० जुलै. दुपारी १२

गेलो नाही. गुडघा.

२७ जुलै, रविवार

प्रकाशन झाले. सभागृह भरलेले. पाळकसाहेबांनी पुस्तिकेतला एकच भाग मोठ्याने वाचला. तर्तियुस. शाईचे बोट. अडणारा श्वास. कोणी खोकलेसुद्धा नाही. माझी प्रस्तावना त्यांनी 'घरी सावकाश वाचा' असे म्हणून वगळली.

नंतर निवृत्त मुख्याध्यापिका बाई जवळ आल्या. डोळे ओले. लिहिणाऱ्याच्या मनातले इतके बारकाईने तुम्हाला कसे कळले, असे विचारू लागल्या.

मी म्हणालो, "आतून आलं."

बहीण दोन हातांच्या अंतरावर उभी होती. चष्मा शोधत होती. चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता.

घरी आल्यावर तिने चहा केला. वाचन छान झाले, एवढेच म्हणाली. तिने भांडण काढले असते तर मी जिंकलो असतो. तेही तिला ठाऊक असावे.

२८ जुलै, सोमवार

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या आशिया प्रांतातल्या वडिलांचा दिवसभर विचार केला. त्यांनी निदान स्वतः लिहिले होते. शिवाय विचारल्यावर कबूल केले. मला कोणी विचारतही नाही. उलट हारच घालतात. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर मान डोलवतो आहे.

संकल्प, अखेरचा आणि अटळ: येत्या रविवारी मंडळीसमोर उभा राहून कबुली देणार. पाच मिनिटे मागितली आहेत. पद गेले तर जावो.

बहिणीला सांगितलेले नाही. कबुलीचा मसुदा तिच्याकडून लिहून घेण्याचा मोह दोनदा झाला. आवरला.

३ ऑगस्ट, रविवार

उभा राहिलो. कबुलीला पार्श्वभूमी हवी, म्हणून लेखक म्हणजे काय, लेखनिक म्हणजे काय, इथून सुरुवात केली. मग पत्र पोहोचविणाऱ्यांचा उल्लेख न करणे अन्यायाचे वाटले. रोमचे पत्र फिबीबाईंनी नेले असे मानतात. त्या कुठल्या बंदरातून निघाल्या असतील, वारा कोणत्या बाजूचा असेल, हेही ओघाने आले. फिबीबाई रोमच्या वेशीपाशी पोहोचल्या तेव्हा पंचवीस मिनिटे झाली होती, आणि ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी गीताचा सूर धरला.

सर्व उठून गाऊ लागले. मीही गायलो. शब्द पाठ होते.

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ११

पाळकसाहेबांच्या कचेरीत गेलो. दार लावून घेतले. बसता बसताच सांगून टाकले: पुस्तिका माझी नाही. माहिती माझी असेल. पण जे वाचून लोकांचे डोळे भरले, ते सगळे तिचे. माझे वडीलपद काढून घ्यावे.

त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "बाबा, काल पंचवीस मिनिटांत तुमचं एक वाक्य संपलं नाही. मंडळीला कबुली कालच मिळाली."

मी विचारले की हे सर्वांना ठाऊक आहे का. म्हणाले, प्रकाशनाच्या दिवशीच मुख्याध्यापिका बाईंनी ओळखले. मुद्दाम विचारून पाहिले. तुम्ही काय उत्तर देता ते बघायचे होते.

पदाचे काय, असे विचारले. ते राहू द्या, म्हणाले. तुमच्या जागी बसायला कोणी तयार नाही.

पद जाण्याचीही योग्यता नाही, हे कळायला अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली.

मग म्हणाले, "माफी माझ्याकडे मागून काय उपयोग? ती घरी आहे ना."

६ ऑगस्ट, बुधवार. दुपारी ५

उरलेल्या एकशे बारा प्रती घरी आणल्या. ठरविले की प्रत्येक प्रतीत, माझ्या फोटोखाली, स्वहस्ते तिच्या नावाची ओळ लिहायची. पौलाप्रमाणे, मोठ्या अक्षरांत. तीन वाजता बसलो. सव्वातीनपर्यंत चार प्रती झाल्या. पहिलीत अक्षरे फोटोतल्या माझ्या टायवर चढली. चौथीत कपाळावर शाईचा डाग पडला. नाव एकीतही वाचता येईना.

ती दारात उभी होती. किती वेळ, ठाऊक नाही. हे काय चालवले आहेस, असे तिने विचारले. मी सगळे सांगितले: छापखाना, फोटोचे पान, गुडघा, 'आतून आलं'. पार्श्वभूमी न देता. माझ्या आयुष्यातले सर्वांत लहान भाषण.

शेवटी म्हणालो, "चुकलो. तुझं मी घेतलं."

बराच वेळ ती पुस्तिकांचा गठ्ठा सरळ करत राहिली. तो सरळच होता. मग खुर्ची ओढून बसली, पेन माझ्या हातातून घेतले आणि म्हणाली, "सांग. काय लिहू?"

म्हणजे स्वतःची ओळसुद्धा तिलाच लिहावी लागली. मी सांगितले: ज्या भगिनीच्या अथक परिश्रमांनी, निष्ठेने आणि अलौकिक भाषाप्रभुत्वाने हे सर्व... तिने खाली मान घालून लिहिले. संपल्यावर पाहिले. तीनच गोष्टी होत्या: हे लिहिणारी मी, तिचे नाव, सर्वांना सलाम. नाव मी इथे लिहीत नाही. ते तिच्या अक्षरात आहे, तेच बरे.

एकशे आठ प्रती तिने पाऊण तासात संपवल्या. डाग पडलेल्या चार मी ठेवून घेतल्या. तिच्या मधल्या बोटाला शाई लागली होती.

सायंकाळी ७

आताच ही वही मागे चाळली. ११ जूनच्या नोंदीत 'बहीण दमली, म्हणून लवकर थांबलो' या ओळीशेजारी समासात पेन्सिलीने बारीक लिहिले आहे: 'मी नाही. तू झोपलास.'

२७ जून, 'चिंतन': 'घोरत होतास.'

१० जुलै, 'गुडघा': 'त्याच दिवशी बाजारातून पायी आलास.'

१९ जून, जिथे मी तिला विचारले नाही असे लिहिले आहे, तिथे नुसती एक उभी रेघ. पेन्सिल दाबून ओढलेली.

शब्दसूचीमागे धूळ का नसते, ते कळले. म्हणजे तिला सगळे त्या त्या दिवशीच ठाऊक होते. तरी रोज चहा केला.

ही वही कोणी वाचणार नाही असे आरंभी लिहिले होते. सुधारतो. जे कोणी हे वाचतील त्या सर्वांवर कृपा असो, त्यांच्या डोळ्यांना उजेड आणि बोटांना विसावा मिळो. पेन्सिलीच्या खुणांवरून पाहता असे सर्व मिळून एकच आहे. तिच्यावर दुप्पट असो. आमेन.