तांब्याच्या तारेचे आठ हजार वेढे

प्रिय बेतो,

रविवारी फोनवर तू मला दोन प्रश्न विचारलेस आणि मी राजमा खाली लागतोय असं सांगून फोन ठेवला. चुलीवर काहीही नव्हतं. एक प्रश्न होता, आमच्या हॅलोरन कारखान्याच्या सत्तावन्न सालच्या गिटारींचा आवाज इतर कुणाच्याच गिटारीला का येत नाही. दुसरा होता, तुझी बायको नोएमी माझ्याकडे आली आहे का. तोंडाने सांगायला गेले असते तर दुसऱ्या वाक्यालाच तू ओरडायला लागला असतास. कागदावर ओरडता येत नाही, म्हणून लिहिते आहे. बसून वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

तू पाठवलेलं मासिक वाचलं. त्या विद्वानांनी लाकडाला श्रेय दिलंय, पॉलिशला दिलंय, एकाने तर इथल्या कोरड्या हवेला दिलंय. मला मनापासून हसू आलं. तुला निदान खरी जागा माहीत आहे, कारण तू तुझी गिटार उघडलीस आणि तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या तांब्याच्या वेटोळ्याच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेलं माझं नाव पाहिलंस, लाला. त्या दिवसापासून गावभर सांगत सुटला आहेस. तर ऐक. खिडकीपाशी लांब टेबलाला आम्ही बारा बायका बसायचो. यंत्र चुंबक फिरवायचं आणि केसाहून बारीक तांब्याची तार आम्ही दोन बोटांत धरून डावी-उजवी नेत राहायचो. आठ हजार वेढे. तार तुटली की पहिल्यापासून. माझे वेढे इतके सारखे बसायचे की मुकादम व्हिटलॉक एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "हात असावा तर लालासारखा." बस, एवढंच. माझ्या शेजारी बसणाऱ्या चेलोच्या नवऱ्याने ते वाक्य संत्र्यांच्या वखारीत तुझ्या वडिलांच्या, अन्सेल्मोच्या, कानावर घातलं.

अन्सेल्मो त्या दिवशी जेवून उठला, मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "बघू तो हात. गोऱ्या साहेबाला आवडतो तो." मी पुढे केला. माझा मूर्खपणा बघ, मला वाटलं थट्टा करतोय. त्याने मनगट धरलं, बोटं सुऱ्यांच्या खणात कोंबली आणि गुडघ्याने खण लावला. एकदा लावून समाधान झालं नाही म्हणून परत उघडून लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी ओरडले नाही, कारण तू टेबलाखाली होतास, चार वर्षांचा, कानांवर हात ठेवून. मग त्याने माझं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं आणि म्हणाला, "उद्या सांग त्याला, दार लागलं म्हणून." दुसऱ्या दिवशी मी तेच सांगितलं. तुझ्या आजीकडे, माझ्या आईकडेही गेले होते. तिने रक्त पुसलं, मक्याच्या गरम टॉर्टिया फडक्यात बांधून दिल्या आणि म्हणाली, "नवरा आहे, घर आहे, पोर आहे. जा." मी गेले.

चौथ्या दिवशी कामावर होते. दोन बोटं सुजून केळ्यासारखी झालेली, आणि पुढे ती वाकडीच जुळली. तार धरली की हात उडायचा, वेढा तिरका पडायचा, मध्ये पोकळी राहायची. शिवाय कुणी मागून चालत गेलं तरी मी दचकायचे, आणि तो दचकासुद्धा तारेत जायचा. मला वाटलं, आज नाही तर उद्या घरी बसवणार. पण काही आठवड्यांनी बेकर्सफील्डहून एक म्हातारा वादक गिटार निवडायला आला. नऊ गिटारी छेडून त्याने दहावी घेतली आणि तासभर खाली ठेवली नाही. व्हिटलॉकला म्हणाला, "ही बोलते. बाकीच्या नुसत्या वाजतात." उघडून पाहिलं तर आत माझं नाव. मग काय, बाराही जणींना हुकूम सुटला, लालासारखी वेडीवाकडी तार गुंडाळा. कुणाला जमेना. मुद्दाम केलं की तो वेडेवाकडेपणाही सारखाच यायचा. चेलो वैतागून व्हिटलॉकच्या तोंडावर म्हणाली, "साहेब, एक करा. आमच्या नवऱ्यांनाही निरोप धाडा, बोटं मोडून पाठवायला." त्याला अर्थ कळला नाही, तो हसला. आम्हीसुद्धा हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

तुझ्या वडिलांना हे समजलं तेव्हा ते शरमले असतील असं तुला वाटेल. ते दुकानात चार मित्रांसमोर म्हणाले, "त्या आवाजात अर्धी मेहनत माझी आहे रे." पुढची अकरा वर्षं, माझा हात हलका पडतोय असं वाटलं की ते मेहनत करत राहिले. दोन दात, एक बरगडी, आणि तुझ्यानंतरचं जे मूल जन्मालाच आलं नाही, ते. त्यांच्या अंत्ययात्रेला तू तुझी ती माझं नाव असलेली गिटार वाजवलीस. सगळं चर्च रडलं. मी पहिल्या बाकावर बसून काळ्या शालीखाली ही दोन बोटं घट्ट धरून बसले होते, कारण मला तो आवाज ओळखीचा होता. लोक म्हणतात, ती गिटार रडते. तुला सांगते, तो मार आहे.

आता नोएमी. हो, ती इथे आहे, शनिवारपासून. डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. दार लागलं म्हणाली. मी माझी बोटं तिच्यासमोर टेबलावर ठेवली, तेव्हा कुठे ती रडली आणि खरं बोलली. ती पहिल्यांदा आलेली नाही, बेतो. गेल्या नाताळात ओठ फुटलेला घेऊन आली होती आणि मी तिला मक्याच्या पिठाचे पातेलंभर तामालेस देऊन तुझ्याकडे परत पाठवलं. म्हणाले, माझा मुलगा वाईट नाही, कलावंत आहे, थकतो. या मोडलेल्या हातात माझ्या आईइतकाच माझाही हात आहे. सोमवारी मी तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. गुरुवारी सकाळी न्यायाधीशासमोर मी साक्ष देणार आहे, तिच्या बाजूने, आणि जे पाहिलं, ऐकलं आणि मी स्वतः केलं ते सगळं सांगणार आहे. वकील कर. चांगला कर. तू माझ्या पोटचा आहेस, तुला तुरुंगात पाहून मी मरेन कदाचित, पण घरी पाहून ती मरेल. दाराला मी नवीन कुलूप लावलं आहे आणि त्याची एक किल्ली तिच्याकडे आहे.

तुझीच, पण गुरुवारी तुझ्या बाजूने न बसणारी,
आई