पांढऱ्या कोटांचे दिवस

३ मार्च
चि. बिट्टीस अनेक आशीर्वाद.

शाळेच्या वाद्यवृंदात तुझ्या हाती ट्रायंगल दिला होता, आठवतं? सिस्टर टाळीने ठेका धरायच्या, अख्खा वर्ग तालात, आणि तू मनात येईल तेव्हा टिंग! मग आपण दोघी तोंडात रुमाल कोंबून हसायचो. काल तुझ्या सूनबाईने फोनवर सांगितलं की तुझं हृदय आता असंच वाजायला लागलंय. मला आधी हसू आलं आणि मागोमाग रडू.

हृदयात गाईच्या ऊतीची झडप बसवल्यापासून तू हंबरतेस, असं मी इथे सगळ्यांना सांगत असते. पण हे बेताल ठोके काही गमतीचे नाहीत. रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली आहे म्हणे. घेतेस ना? फोनवर रागावलं की तू लाइन गेल्याचं सोंग करतेस, म्हणून पत्र.

धाकटीवर जीव टाकणारी,
ताई

११ मार्च
ती. ताईस सा. न.

हंबरते तर हंबरते, दूध मागू नकोस म्हणजे झालं!

अगं, ऑपरेशनच्या वेळी मला सांगितलं होतं की ही झडप धातूची नाही, जन्मभर गोळी लागणार नाही. आता ठोका बिघडला म्हणून पुन्हा मागे लागली. घेते मी. फक्त पांढऱ्या दिवशी नाही. आमच्या शिवणाच्या दुकानात इस्पितळाचे पांढरे कोट शिवायला आलेत. गोळी घेतली की सुई टोचल्यावर रक्त लवकर थांबत नाही. पहिल्याच कोटाच्या कॉलरवर लाल ठिपका! म्हणून रंगीत कापड असेल तेव्हा गोळी, पांढरं असेल तेव्हा सुट्टी. आहे की नाही डोकं? सूनबाईला बोलू नकोस, ती शिलाई मशीन सोडून माझ्यावरच टाके घालेल.

तुझ्या शिव्यांच्या प्रतीक्षेत,
बिट्टी

१६ मार्च
बिट्टे,

आशीर्वाद बिशीर्वाद काही नाही. डोकं आहे म्हणतेस, त्याचीच काळजी आहे! आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारून आले. झडप गाईची असो की सोन्याची, ठोका बेताल झाला की हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त रेंगाळतं, गुठळी होते आणि ती थेट मेंदूकडे निघते. गोळीची सुट्टी म्हणजे गुठळीला मोकळं रान. उद्या तुझी वाचा गेली तर मी भांडू कोणाशी? आरशाशी?

उलट टपाली शपथ धाड. मगच माया.
ताई

२४ मार्च
ती. ताईस सा. न.

तुझं पत्र वाचलं, हसले, घडी घालून कापडाखाली ठेवलं आणि कात्री उचलायला गेले. हात उचलवेचना. सूनबाईला हाक मारली तर तोंडातून नुसता लगदा. ती मशीन चालू टाकून धावली आणि मला तशीच इस्पितळात नेलं. पोचेपर्यंत हात हलला, जीभ वळली. पहिला शब्द कोणता निघाला असेल? 'ताईला कळवू नका!'

डॉक्टर म्हणाले की हा नुसता इशारा होता, पुढच्या वेळी अशा फुकट सुटकेचा भरवसा नाही. मग पांढऱ्या दिवसांची हकीकत ऐकून कपाळाला हात लावला. त्या कोटांत त्यांचाही होता! म्हणाले, पडू दे ठिपका, लोकांना वाटेल मी काम करतो. मी इतकी हसले की नर्सबाई धावत आल्या. ताई, खरं सांगू? हसताना तोंड वाकडं होतंय का, ते मी हळूच बोटांनी चाचपून पाहिलं. नाही झालं.

हे नीट वळणारं अक्षर हीच माझी शपथ. आता माया धाड.
तुझी बेताल
बिट्टी

ता. क. वाटणी अशी. मरणाची नाही, जगण्याची आहे. पांढरं कापड आणि पांढरा दोरा सूनबाईला. कॉलरवर ठिपका पडलेला कोट डॉक्टरांना, त्यांनीच मागितलाय. निळं मऊ कापड तुला, गाऊन शिवून पाठवते, माप जुनंच धरू की खरं सांगतेस? सुई टोचू नये म्हणून अंगुस्तान माझ्या बोटाला.

आणि गोळी मला. रोज.