तिप्पम्माचा आवाज

चित्रदुर्ग,
सोमवार, ता. ९ फेब्रुवारी

होन्नी,

अक्काचा आशीर्वाद. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते, कारण आज आधी माझं ऐकायचं आहे. माझ्या जागी त्यांनी रबराची बाई आणून ठेवली. कमरेपर्यंतचीच आहे, पाय नाहीत, डोक्यावर केस नाहीत. टेबलावर चादर घालून तिला निजवलीय आणि सगळे डॉक्टर तिच्याभोवती. मी नवी इरकली नेसून दारात उभी. बस म्हणायलासुद्धा कोणाला सुचलं नाही.

फोनच केला असता, पण माझा नंबर दिसला की तू कापतेस. पत्र कापता येत नाही. फाडशील, पण आधी वाचशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लावून घे.

तुला अर्धंच माहीत आहे आणि त्या अर्ध्यावर तू दोन वर्षं तोंड फिरवून बसली आहेस. तेव्हा आता पुरं ऐक. माणूस डॉक्टर झाला म्हणजे त्याचं शिकणं संपत नाही. ठरलेले तास वर्गात बसला नाही तर त्याची डॉक्टरकीची नोंद पुढे चालू होत नाही. म्हणून दरवर्षी डॉक्टरांच्या संघाच्या हॉलमध्ये तालुक्यातालुक्यातून डॉक्टर जमतात. साखरेवर बोलतात, डेंगीवर बोलतात, भिंतीवर चित्रं दाखवतात. निम्मे लोक सही करून, चित्रान्न कुठवर आलं याचा वास घेत बसलेले असतात. मी बघितलंय. पण जेवणानंतरच्या हालप्पा डॉक्टरांच्या तासाला कोणी डुलकी काढायचं नाही. तो तास माझा. वीस वर्षं माझाच.

लहानपणी घसा सुजला तो आपल्या दोघींचा. तुझा उतरला. माझा गुडघ्यांत गेला आणि तिथून छातीत. आतली झडप आखडली, नीट उघडत नाही, म्हणून रक्त जाताना आवाज होतो. लांबून कुणी जातं दळावं तसा, हळू. हा आवाज ऐकणं अवघड असतं असं हालप्पा डॉक्टर सांगतात. बाईला डाव्या कुशीवर वळवायचं, छातीवर नळी अलगद ठेवायची, आपला श्वास धरायचा आणि थांबायचं. थांबणं कुणाला जमत नाही. "सर, काही ऐकू येत नाही." "अजून थांब." "सर, इको काढू या ना." मग हालप्पा डॉक्टर चिडायचे. "तुझ्या मोळकाल्मूरूच्या दवाखान्यात इकोचं मशीन आहे का रे? कान आहे ना? मग तो आधी वापर."

मीही सोडायची नाही कुणाला. गार नळी लावली की म्हणायची, "मासळीबाजारातून आलात काय? आधी तळहातावर घासा." सगळे हसायचे आणि घासायचे.

आता तुझ्या पोरीच्या साखरपुड्यात तू व्याह्यांसमोर काय बोललीस ते मी विसरलेले नाही. "आमची अक्का चाळीस पुरुषांसमोर छाती उघडी टाकते आणि वर जेवून येते." होन्नी, तिथे पडदा असतो. चादर असते. उशाशी नर्स उभी असते. आणि हालप्पा डॉक्टर दरवर्षी, वीस वर्षांनंतरसुद्धा, सगळ्यांच्या देखत मला विचारायचे, "तिप्पम्मा, ऐकू देशील का?" मी हो म्हटल्याशिवाय कुणी हात लावत नसे. तुला तुझ्या घरात कोण एवढं विचारून काय करतं ते सांग. सांगू नकोस, मला माहीत आहे.

होसदुर्गचा एक जाडा डॉक्टर आहे, शंकरलिंगप्पा. वर्गात घोरणारा म्हणून नावाजलेला. गेल्या पावसाळ्यात त्याच्याकडे एक पोर आली, सातवा महिना, चार पावलं टाकली की धाप. सगळे म्हणत होते अंगात रक्त कमी आहे, पालक खा, खजूर खा. यानं तिला कुशीवर वळवली आणि थांबला. मग हालप्पा डॉक्टरांना फोन लावला. काय म्हणाला असेल? "सर, तिप्पम्माचा आवाज आहे." त्याच दिवशी पोरीला बेंगळुरूला पाठवलं. आई वाचली, मूल वाचलं. नंतर ती बसस्टँडवर माझ्या गाडीशी येऊन उभी राहिली, कडेवर पोरगं. मला वाटलं मंडक्की हवी असेल, मी चुरमुऱ्यांचा पुडा बांधायला घेतला. तिनं पुडा घेतला नाही, म्हणाली, "तिप्पम्मा म्हणजे तुम्हीच ना?" मिरची भजी खाऊ घातली तिला, दुसरं काय करणार. या जिल्ह्यातले डॉक्टर त्या आवाजाला माझं नाव देतात, होन्नी. आपल्या घराण्यात कुणाच्या नावानं गल्लीसुद्धा नाही.

तर मी त्या दारात उभी. चैत्रा म्हणून नवी डॉक्टरीण आहे, संघाचं काम आता ती बघते. धावत आली. "अम्मा, यंदा तुम्हाला त्रास नको म्हणून हे आणलंय. बटण दाबलं की आवाज येतो."

"कसला आवाज?"

"तुमचाच. म्हणजे तसाच."

ऐकला मी. तिनं माझ्या कानाला नळी लावून दिली. मोठा, स्वच्छ, पहिल्या झटक्यात ऐकू येणारा. कुणाला थांबावं लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. मी म्हटलं, "ही बाई पहाटे उठून चुरमुऱ्यांची भट्टी लावते का? हिचा नवरा मेला तेव्हा हिचा आवाज कसा झाला होता ते कळतं का तुम्हाला?" आणि फणकाऱ्यानं निघाले.

जिन्यात बसावं लागलं.

नुसती बसले, एवढंच. पडले नाही. लोक काहीबाही सांगतील, पडले नाही. श्वास जरा मागे राहिला. चैत्रा मागून आली, पायरीवर माझ्या शेजारी बसली, नळी हातावर घासली आणि विचारलं, "ऐकू देता का?" खूप वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "अम्मा, रात्री किती उशा घेता?"

मी म्हटलं एक. तिनं नळी परत छातीला लावली. मी म्हटलं तीन. मग म्हटलं, भिंतीला टेकूनच झोपते, त्यात काय मोठं.

तुलाही आता सांगून टाकते. शेजारच्या नागेंद्राची पोरगी भट्टीवर येते ती मदतीला नाही, माझ्यानं घमेलं उचलत नाही म्हणून येते. नाचणीच्या उकडीचा मुद्दे घोटायचा तर मध्ये दोनदा बसते. आणि गेल्या वर्षीच इकोवाल्यानं सांगितलं होतं, झडप फार आखडलीय, मांडीतून नळी घालून आत फुगा फुगवू, झडप उघडेल. चिरफाड नाही. मी होहो म्हणून घरी आले आणि गप्प बसले. घाबरले असं समजू नकोस. विचारलं होतं मी, "मग आवाज?" तो म्हणाला, "जाईल बहुतेक, चांगलंच की." त्याच्यासाठी चांगलं. झडप उघडली की मी कोण, होन्नी? मंडक्कीवाली. वाईट नाही ते, त्यावरच जगले. पण वर्षातून एक दिवस मी दुसरी कुणीतरी होते, आणि तो दिवस मला सोडवेना.

आणि ऐक, ती रबराची बाई कुणी मागवली? हालप्पा डॉक्टरांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेट त्यांच्या घरी गेले, रिक्षा करून. आता निवृत्त झालेत, यंदाच्या तासाला आलेच नव्हते; सकाळी व्हरांड्यात पेपर वाचत बसतात. जाऊन म्हटलं, "वीस वर्षांनी मला काढलंत?"

"काढलं नाही. गेल्या वर्षी आडवी निजलीस तेव्हा तुझे ओठ निळे पडले होते. मी ते चाळीस जणांना दाखवायचं का?"

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. दोनदा. तू मला मिरची भजी बांधून दिलीस आणि गिऱ्हाईक आलं म्हणालीस." मग पेपर खाली ठेवून म्हणाले, "आवाजाचं काय घेऊन बसलीस. तुझ्याकडून शिकलेले दीडशेएक डॉक्टर या जिल्ह्यात बसलेत. आता त्यांच्यासमोर शहाण्यासारखी वाग."

मी म्हटलं, "फुग्याची तारीख घ्या."

म्हणून ठरलं. बुधवारी, २५ तारखेला बेंगळुरूच्या मोठ्या दवाखान्यात फुगा घालतील. त्याआधी रविवारी, २२ तारखेला, हालप्पा डॉक्टर हॉलमध्ये माझा आणखी एक तास घेणार आहेत, शेवटचा. आडवं निजायचं नाही, खुर्चीत बसून, जेवढं झेपेल तेवढंच. शंकरलिंगप्पा पहिल्या रांगेत बसणार म्हणतो, जागा राहणार म्हणतो. मी इरकली धुवून ठेवली आहे.

बेंगळुरूला सोबत रक्ताचं माणूस लागतं, सही करायला आणि रात्री बाहेर बाकावर बसायला. कोण आहे विचारलं तर माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. तुला न विचारता गेलं. खोडायला सांगितलेलं नाही.

पण बुधवारी येऊ नकोस. रविवारीच ये. पडद्याच्या आत ये, नळी मी स्वतः तुझ्या कानाला लावीन. पटकन ऐकू येणार नाही, श्वास धर आणि थांब. एवढं ऐकून घे, मग मला काय बोलायचं ते बोल.

त्याआधीच्या बुधवारच्या आत, १८ तारखेच्या आत, हो की नाही ते कळव. नाही असेल तरी कळव, म्हणजे नाव खोडता येईल.

तुझी, अजून धडधडणारी,
तिप्पक्का