आमच्या लाल पेरूचा निकाल

राणीसावरगाव,
सोमवार

थोरले साडू राजेश्वरअप्पा यांना धाकट्या बसवंतरावाचे शरणु शरणार्थ.

इकडे सगळे खुशाल. तुमची शुगर, त्रिवेणीअक्कांची कंबर आणि सेलूच्या कापूस बाजारातली धूळ कशी आहे ते कळवावे. फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर टाकून गल्ल्यावर ठेवता, आणि आता सांगणार आहे ते गिऱ्हाइकांनी ऐकण्यासारखे नाही.

विषय आपल्या लाल पेरूचा. मागच्या हिवाळ्यात विहिरीजवळच्या झाडाचा पेरू मी चावला आणि आत तांबडे दिसले. चाळीस वर्षे पांढरा निघणारा पेरू लाल निघाल्यावर माणसाने काय समजावे? मी नवी जात समजलो. ‘बसवंत लाल’ असे तिचे बारसे केले, रस्त्याला पाटी लावली आणि सोयऱ्याधायऱ्यांना कलमे वाटली (तुमची अकरा). कापला की तो पांढराच निघायचा, हे खरे. पण लोखंड लागले की रंग पळतो, असा शोधही मीच लावून ठेवला होता.

गेल्या आठवड्यात कृषी सहायक नागेश जात तपासायला आला. पारावर निम्मे गाव जमले. त्याने चावला, पांढरा. शेजारच्या आश्रुबाने चावला, पांढरा. मी चावला, लालभडक! "बघा, झाड मालकाला वळखायलंय," असे मी म्हणालोसुद्धा. नागेश वहीत काय लिहावे या विचाराने आभाळाकडे बघत राहिला. तेवढ्यात आमच्या मंडळींनी (गौराबाई चारचौघांत बोलत नाहीत हा माझा समज त्या दिवशी गेला) घरातून भाकर आणून माझ्या हातात दिली आणि चावायला लावली. भाकरही लाल. "आता भाकरीचं बी कलम बांधा," त्या म्हणाल्या. गाव अजून हसते आहे.

दुसऱ्या दिवशी सून अनुपमाने मला परभणीला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. तिथे कळले की वर्षभर मी ज्याला वैभव समजत होतो, तो सगळा हिरड्यांचा रोग आहे. पेरूचा लाल रंगही माझ्याच हिरड्यांच्या रक्ताचा. हिरड्या फुगल्या होत्या, मी म्हणत होतो अंगी लागले. दात लांब दिसत होते, तर साठीतही दात वाढतात म्हणून मी ते आश्रुबाला दाखवत फिरलो. (बुडाची माती वाहून गेली की झाड उंच दिसते, तसे ते.) देवस्थानचा पंच झाल्यापासून लोक माझ्याशी दोन पावले मागे सरकून बोलतात. तो मान नव्हता, तोंडाचा वास होता. हे मात्र मनाला लय लागले, अप्पा.

बाई म्हणाल्या, दातांवर किटण साचते, हिरडी दाताला सोडते, आतले हाड झिजते, आणि एक दिवस न किडलेला धडधाकट दात हातात येतो. शुगर असली की हे लवकर होते, आणि हिरड्या बिघडल्या की शुगरही ऐकत नाही. तंबाखू खाणाऱ्याला तर कधी कधी रक्तही दिसत नाही, रोग आतल्या आत वाढतो. मी म्हणालो, "पण दुखत तर न्हाई." त्या म्हणाल्या, "म्हणूनच इतक्या उशिरा आलात." माझा खालचा एक दात हलतो आहे. सफाई वेळेवर झाली तर बाकीचे वाचतील. ती येत्या गुरुवारी आहे. मी मुळीच घाबरलेलो नाही.

अक्कांना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद.

तुमचा
बसवंतराव

ता. क. कलमे उपटू नका. पेरू पांढरा असला तरी गोड आहे.

आणखी ता. क. पत्राचे खरे कारण हे. आजवर सतरा जणांनी तो पेरू चावून पाहिला. लाल दोघांचाच निघाला. एक मी, आणि दुसरे, मागच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात जेवायला आलेले तुम्ही. तेव्हा मी तुम्हाला मिठी मारून म्हणालो होतो, अप्पांना पारख आहे. आता ते आठवले की जेवण जात नाही. तुमचे दात गेले तर माझ्याबरोबर हुरडा खायला कोण बसणार?

शेवटचा ता. क. गुरुवारी सकाळच्या गाडीने परभणीला उतरा, मी स्टेशनवर असेन. दोघांचेही नंबर लावले आहेत. तुमचा माझ्या आधी, थोरल्या साडूचा मान मोडणारा मी नव्हे. फक्त आत गेल्यावर ओरडू नका. बाहेर बाकावर मी बसलेला असेन.